घर भाड्यानं देताना भाडेकरू कसा निवडावा: पहिल्या फोनपासून किल्ली देईपर्यंत

माझा पहिला भाडेकरू मला पंधरा मिनिटांत आवडला होता. बोलणं गोड, कपडे नीटनेटके, भिंतींच्या रंगाचं कौतुक, आणि वर "ताई, घर स्वतःचं समजून राहीन" हे वाक्य. तीन महिने भाडं वेळेवर आलं. चौथ्या महिन्यात पगार लांबला, पाचव्यात आजारपण निघालं, सहाव्यात फोन उचलणं बंद झालं. घर रिकामं होईतो वर्ष उलटलं आणि विजेचं थकलेलं बिल मीच भरलं.

त्याच्यानंतर आलेली मुलगी मला अजिबात आवडली नव्हती. तिनं न्हाणीघरातले सगळे नळ सोडून बघितले, छताच्या कोपऱ्यातल्या ओलीबद्दल तीनदा विचारलं, कराराचा मसुदा घरी नेऊन वाचला आणि दोन कलमांवर हुज्जत घातली. ती सहा वर्षं राहिली. भाडं एकदाही चुकलं नाही.

माणूस पारखायचं आपल्याला जमत नाही, हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं. आता मी समोरच्याच्या स्वभावाचा अंदाज बांधायच्या भानगडीत पडत नाही. तो आधीच्या घरात कसा राहिला, एवढंच शोधते. ते कसं शोधायचं, आणि शोधायची वेळ येण्याआधी काय काय करून ठेवायचं, ते क्रमानं सांगते.

आधी घराकडे बघा

चांगल्या भाडेकरूला चार घरं मिळतात. त्याच्यापुढे निवड असते. गळका नळ, न लागणारी कडी, तुंबणारी मोरी बघून तो "कळवतो" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही. हे सगळं चालवून घेणारा बहुधा तोच, ज्याला दुसरीकडे कोणी घर दिलेलं नाही. म्हणजे दुरुस्ती टाळून आपण पैसे वाचवत नाही, नकोसे भाडेकरू गाळून गाळून आपल्याकडे आणतो.

एक उपाय मला फार उपयोगी पडला: रिकाम्या घरात स्वतः एक रात्र झोपून बघा. सकाळी वरच्या मजल्यावरचे सगळे आंघोळ करत असताना आपल्या नळाला किती धार येते, आतल्या खोलीत मोबाइलला रेंज आहे का, पंप कितीला सुरू होतो आणि त्याचा आवाज कुठल्या भिंतीतून येतो, फ्रिजच्या जागेजवळचं सॉकेट खरंच चालतं का, हे दिवसा पंधरा मिनिटं चक्कर मारून कळत नाही. दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करा. जे होणार नाही (पंपाचा आवाज माझ्या हातात नव्हता) ते लिहून ठेवा. घर दाखवताना ते आपणहून सांगायचं आहे.

वायरिंग आणि गॅसची जोडणी मात्र जाणकाराकडून तपासून घ्या. तिथे स्वतःचा अंदाज नको.

भाडं किती सांगायचं

जाहिरातींत दिसतो तो मागितलेला आकडा, मिळालेला नव्हे. म्हणून मी आपल्या घरासारख्या दहा-बारा घरांच्या जाहिराती वहीत टिपून घेते आणि दोन आठवड्यांनी परत बघते. ज्या गायब झाल्या, त्यांचा आकडा साधारण बरोबर होता. ज्या तशाच लटकल्या आहेत, त्यांचे मालक हट्टाला पेटलेत.

हट्ट किती महागात जातो, त्याचा हिशोब सोपा आहे. समजा योग्य भाडं १०० आहे. तुम्ही १०५ वर अडून बसलात आणि त्यापायी घर एक महिना रिकामं राहिलं. पहिल्या वर्षी हातात आले ११ गुणिले १०५, म्हणजे ११५५. लगेच १०० ला दिलं असतं तर १२०० आले असते. त्या वाढीव पाचामुळे झालेला तोटा भरून निघून बरोबरी व्हायला एकविसावा महिना उजाडतो. तोवर तो भाडेकरू राहिला तर!

मी चालू दरापेक्षा किंचित कमी सांगते. त्यानं दोनाऐवजी पंधरा फोन येतात, आणि निवड करायची तर निवडायला माणसं हवीत. उलट, जो भाड्याचा आकडा ऐकून पापणीही हलवत नाही, घर न बघताच सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणतो, त्याच्या बाबतीत मी दुप्पट चौकशी करते. पैसे आगाऊ देणारे सगळेच लबाड नसतात, पण चौकशी टाळायचा तो एक रस्ता असतो खरा.

निकष आधी कागदावर

पहिला फोन येण्यापूर्वीच आपल्याला काय चालतं आणि काय नाही हे लिहून काढा. किती जण राहू शकतात, किमान किती काळासाठी, पाळीव प्राणी चालतील का, घरात धूम्रपान चालेल का, घरूनच धंदा करायचा असेल तर कुठल्या प्रकारचा, कोणत्या तारखेपासून. माणूस समोर बसला की आपण आपल्याच अटी वाकवतो. कागद वाकत नाही.

उत्पन्नाचं माप ठेवताना बहुतेक जण भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं असं धरतात. या आकड्याला जन्म अमेरिकेतल्या सरकारी घरांनी दिला. १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीनं तिथल्या सार्वजनिक घरांचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपुरतं बांधून टाकलं, आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० वर गेली. म्हणजे हा काही अर्थशास्त्राचा सिद्धांत नाही, सरकारनं सोयीसाठी मारलेली रेघ आहे. मी ती सुरुवातीची चाळणी म्हणून वापरते. पण कर्जाचे दोन हप्ते फेडणाऱ्याला ३० टक्केही जड जातात, आणि डोक्यावर काहीच बोजा नसलेला ४० टक्केही आरामात देतो. तेव्हा हप्ते किती आहेत, हेही विचारा.

धर्म, वंश, कुटुंब आहे की एकटी व्यक्ती, यावरून लोकांना आधीच बाद करायची खोड अनेक मालकांना असते. बऱ्याच देशांत असा भेदभाव बेकायदाच आहे. तो भाग बाजूला ठेवला तरी निव्वळ व्यवहारात ही खोड तोट्याची आहे. मला बुडवणारा माणूस माझ्याच ओळखीतल्यांच्या ओळखीचा, "आपल्यातला" होता; म्हणून तर मी कागद मागितले नव्हते. जे निकष लिहाल ते सगळ्यांना सारखेच लावा, आणि कोणाला का नाकारलं त्याची एक ओळ तारखेसह टिपून ठेवा.

जाहिरात

फोटो दिवसाउजेडी, खिडक्या उघडून, घर आवरून काढा. प्रत्येक खोलीचा एक, न्हाणीघराचाही. घराचा क्रमांक, टपाल पेटीवरचं नाव, खिडकीतून दिसणारी ओळखीची खूण फोटोत येऊ देऊ नका. रिकाम्या घराचा पत्ता जगाला कळवायची गरज नाही. किल्लीचा फोटोही नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये नुसत्या फोटोवरून किल्लीची नक्कल करता येते हे करून दाखवलं होतं.

मजकुरात क्षेत्रफळ, मजला, भाडं, डिपॉझिट, देखभालीचा खर्च कोण देणार, घर कधीपासून मिळेल, आणि तुमच्या न बदलणाऱ्या अटी एवढं असू द्या. खोट सांगायची असेल तर इथेच सांगा: "लिफ्ट नाही, तिसरा मजला." जिने चढून आल्यावर हात हलवत परत जाणाऱ्यांचा आणि तुमचा वेळ वाचतो. शेवटी मी एक ओळ घालते: "संपर्क करताना किती जण राहणार आणि कधीपासून हवंय ते कळवा." निम्मे लोक नुसतं "घर आहे का?" असं पाठवतात. त्यांना मी उत्तर देते, पण ज्यानं ओळ वाचून नीट लिहिलं त्याला आधी. जो जाहिरात वाचतो तो करारही वाचतो, असा माझा अनुभव आहे.

जाहिरात टाकल्यावर आठवड्यानं तुमचेच फोटो शोधून बघा. दुसऱ्याचे फोटो उचलून, भाडं निम्मं दाखवून, लोकांकडून "बुकिंग"चे पैसे उकळणारे भामटे असतात. तसं आढळलं तर त्या संकेतस्थळाला लगेच कळवा, नाहीतर एके दिवशी सामान घेऊन कुणीतरी दारात उभं राहील.

एजंट घ्यावा का? वेळ नसेल तर जरूर घ्या. पण त्याचे पैसे व्यवहार झाल्यावर मिळतात, भाडेकरू टिकल्यावर नाही, हे ध्यानात असू द्या. त्यानं माणसं आणावीत, तपासणी तुम्ही करावी.

पहिला फोन

पाच-सात मिनिटं पुरतात. कोण कोण राहणार, काय काम करता, घर कधीपासून हवं, किती काळ राहायचा विचार आहे, आणि आत्ताचं घर का सोडताय. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे कान द्या. "ऑफिस बदललं, जायला दीड तास लागतो" हे उत्तर आहे. "मालक फार त्रास देतो" हेही असू शकतं, वाईट मालक काही कमी नाहीत. पण मागच्या तिन्ही घरांचे मालक त्रासदायक होते असं ऐकू आलं की मी वहीत खूण करते.

याच फोनवर सांगून टाका: "मी ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या दोन घरमालकांचे नंबर घेते. चालेल ना?" पुष्कळ गाळण इथेच होते. तुम्हाला कोणाला नाही म्हणावंही लागत नाही, ते स्वतःच पुन्हा फोन करत नाहीत.

घर दाखवताना

एका वेळी एकालाच बोलवा. पाच जणांना एकदम बोलावून चुरस लावायची युक्ती लोक सांगतात. मला ती पटत नाही, घाईत निर्णय घेणारा भाडेकरू घाईतच सोडूनही जातो. राहणारे सगळे प्रौढ एकदा तरी येऊन जायला हवेत. नवरा बघून गेला, बायको राहायला आली आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरावरून कुरबुर सुरू, हे मी पाहिलंय. तुम्ही एकट्यानं जाऊ नका, आणि कोण कधी येणार आहे ते घरी कुणालातरी सांगून जा. आधीचा भाडेकरू अजून राहत असेल तर त्याला वेळ विचारून घ्या.

मी उणिवा स्वतः दाखवते. "हा पंप सकाळी साडेपाचला सुरू होतो." समोरचा काय करतो ते बघा. जो विचारतो, "रोज? किती वेळ?" तो इथे राहण्याचा खरोखर विचार करतोय. जो सगळ्याला "चालेल, चालेल" म्हणतो, त्याला एक तर घर बघायचंच नाही, किंवा नंतर तो रोज फोन करणार आहे. नळ सोडून बघणारी, कपाटं उघडणारी, कचरा कुठे टाकायचा विचारणारी माणसं मला आता आवडायला लागली आहेत.

जागच्या जागी टोकन घेऊ नका. कोणी नोटा पुढे केल्या तरी "आधी कागद बघू" म्हणा. एकदा पैसे हातात आले की आपली तपासणी निव्वळ उपचार होते; आपण मनातून हो म्हणून बसलेलो असतो.

कागद आणि फोन: खरं काम इथे

ओळखपत्र मूळ प्रत हातात घेऊन बघा, फोनवरचा फोटो नव्हे. चेहरा, नाव, जन्मतारीख बाकीच्या कागदांशी जुळते का बघा. प्रत घेतलीत तर तिच्यावर "घर भाड्यासाठी", तारीख आणि त्यांची सही आडवी लिहून घ्या. हे त्यांच्या हिताचं आहे. तसं सांगून करायला लावलं की चांगल्या माणसाचा विश्वासही बसतो. ज्यांना घर दिलं नाही त्यांच्या प्रती फाडून टाका.

पगाराची स्लिप संगणकावर दहा मिनिटांत बनवता येते. म्हणून एकटी स्लिप कधीच पाहू नका. स्लिपवर हातात आलेली रक्कम आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जमा झालेली रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली पाहिजे, तीन महिने सलग. स्टेटमेंटही पीडीएफमध्ये बदलता येतं. शंका वाटली तर त्यांनाच त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप उघडून त्या तीन नोंदी दाखवायला सांगा. बाकी काही पाहू नका, फोन हातातही घेऊ नका. नोकरीची खात्री करायची तर त्यांची परवानगी घेऊन कंपनीत फोन करा, पण त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून त्यावर.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचं उत्पन्न वरखाली होतं. त्यांच्याकडून वर्षभराचं स्टेटमेंट आणि कर भरल्याची कागदपत्रं घ्या, आणि सगळ्यात वाईट तीन महिन्यांत भाडं निघालं असतं का, ते पाहा. जिथे व्यक्तीला स्वतःचा पतअहवाल काढता येतो तिथे तो त्यांनाच काढून आणायला सांगावा. एखादा चुकलेला हप्ता मनावर घेऊ नका. चुकण्याची सवय दिसते का ते बघा.

आता आधीचे घरमालक. माझ्या मते बाकी सगळ्या कागदांपेक्षा हे दोन फोन जास्त सांगतात. त्यातही सध्याच्या मालकाचं म्हणणं थोडं सांभाळून घ्या. भाडेकरू त्रासदायक असेल तर तो निघून जावा म्हणून सध्याचा मालक त्याची तारीफच करील! त्याच्या आधीच्या मालकाला आता काही घेणंदेणं उरलेलं नसतं. तो खरं बोलतो.

दिलेला नंबर खरंच मालकाचा आहे की मित्राचा, हे कळायला मी बोलणं असं सुरू करते:

"नमस्कार, तुमचं घर भाड्यानं द्यायचं आहे असं कळलं, म्हणून फोन केला."

खरा मालक म्हणतो, "कोणतं घर? आत्ता रिकामं नाही," किंवा "हो, कुणी सांगितलं?" मित्र असेल तर गोंधळतो: "अं... कोण बोलतंय?" मग मी खरं कारण सांगते, माफी मागते आणि एखादा तपशील मुद्दाम चुकवून विचारते: "दोन वर्षं राहिले ना ते तुमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर?" खरा मालक लगेच दुरुस्त करतो, "नाही हो, तळमजला." मित्र "हो हो" म्हणतो.

त्यानंतर मोजके प्रश्न. भाडं साधारण कोणत्या तारखेला यायचं? उशीर झाला तर स्वतः कळवायचे की तुम्हाला विचारावं लागायचं? शेजाऱ्यांची कधी तक्रार आली? घर सोडताना नोटीस नीट दिली का, आणि डिपॉझिटमधून काही कापावं लागलं का? सगळ्यात शेवटी: "पुन्हा त्यांना घर द्याल?"

आणि इथे गप्प बसा. "डोळे झाकून" असं लगेच आलं तर उत्तम. "तसे चांगले आहेत..." म्हणून आवाज लांबला, तर तुम्ही मध्ये बोलू नका. त्या तीन-चार सेकंदांत लोकांना आवरत नाही. एकदा अशाच शांततेनंतर एक गृहस्थ म्हणाले, "भाडं देतात हो, पण दर वेळी अर्धं अर्धं." ही गोष्ट कुठल्याही कागदावर नव्हती.

ज्याचा मागचा कागदच नाही

पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला विद्यार्थी, पहिली नोकरी, परगावाहून नव्यानं आलेलं कुटुंब. यांच्याकडे आधीचा मालक नसतो, आणि म्हणून त्यांना बाद करणं अन्यायाचं तर आहेच, चांगली माणसं हातची घालवणंही आहे. अशांसाठी जामीनदार घ्या. तो लेखी हवा, आणि त्याची तपासणी भाडेकरूइतकीच कडक हवी. ज्याचं उत्पन्न तपासलं नाही असा जामीनदार म्हणजे नुसती सही. पहिला करार कमी मुदतीचा ठेवून नंतर वाढवता येतो. वसतिगृहाचे प्रमुख किंवा नव्या नोकरीचं नियुक्तिपत्र, जे काही तपासता येईल ते तपासा.

हो म्हणणं, नाही म्हणणं

निकषांत बसणारे दोन-तीन जण उरले तर मी ज्यानं आधी सगळे कागद दिले त्याला घर देते. नेमकी इथेच भुरळ पडते, जास्त भाडं देऊ म्हणणाऱ्या चौथ्याची. वर केलेला हिशोब आठवा.

अंतःप्रेरणा वगैरेचं काय? ती मी फक्त एका कामासाठी ठेवली आहे. काहीतरी खटकलं तर काय खटकलं ते एका वाक्यात लिहायचा प्रयत्न करते. "नोकरीची तारीख दोनदा वेगळी सांगितली" असं लिहिता आलं तर परत विचारते. लिहिता आलं नाही, तर ते माझं मन आहे, त्याचा दोष नाही.

नाकारलेल्यांना दोन ओळींचा निरोप त्याच दिवशी पाठवा. घर शोधणारा माणूस तुमच्या उत्तरावर अडकून बसलेला असतो.

पैशांच्या बाबतीत एक सापळा माहीत असू द्या. कुणीतरी "चुकून" ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवल्याचं सांगतो, पावतीचा फोटोही पाठवतो, आणि जास्तीचे तेवढे परत मागतो. तुम्ही देता, आणि मूळ रक्कम खात्यात येतच नाही किंवा आलेला चेक परत जातो. खात्यात रक्कम पक्की जमा झालेली स्वतःच्या बँकेत पाहिल्याशिवाय परतावाही नाही आणि किल्लीही नाही.

करार

करार लेखी हवा, आणि जिथे कायद्यानं नोंदणी किंवा पोलिसांना माहिती देणं बंधनकारक आहे तिथे ते पहिल्या दिवसापासून. मसुदा स्थानिक वकिलाकडून एकदा नीट करून घ्या; पुढच्या प्रत्येक भाडेकरूला तोच थोडाफार बदलून चालतो. घरावर कर्ज असेल तर बँकेची आणि इमारतीच्या समितीची परवानगी, विमा कंपनीला कळवणं आणि भाड्यावरचा कर ही कामं तुमची आहेत.

राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावं आणि सह्या घ्या, आणि भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर संपूर्ण असल्याचं लिहा. नाहीतर तिघांपैकी एक जण निघून जातो आणि उरलेले दोघं म्हणतात, आमचा वाटा आम्ही दिला. भाड्याची तारीख, वाढ कधी आणि किती, बिलं कोणाच्या नावावर, कोणती दुरुस्ती कोणाची, पोटभाडेकरू चालेल का, दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, आणि मालक घर पाहायला येण्याआधी किती वेळ आधी कळवणार. हे शेवटचं कलम मालक विसरतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. घर तुमचं असलं तरी राहतं घर त्यांचं आहे.

डिपॉझिटवरून होणाऱ्या तंट्यांना कंटाळून इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून घरमालकानं डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवणं सक्तीचं केलं गेलं. तुमच्याकडे तशी सोय नसली तरी त्यामागचा विचार उचलता येतो: डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा, खर्चू नका, आणि कशाकशासाठी कापता येईल ते करारातच लिहा.

सही करण्याआधी मी भाडेकरूसोबत बसून करार मोठ्यानं वाचते. चाळीसेक मिनिटं जातात. मध्येच कुणीतरी म्हणतं, "थांबा, हे मला असं वाटलं नव्हतं." सहीनंतर कळण्यापेक्षा ते आत्ता कळलेलं बरं.

किल्ली देण्याचा दिवस

दोघांनी मिळून घरभर फिरायचं, उजेडात. भिंती, फरशी, खिडक्यांच्या काचा, नळ, कपाटांच्या आतल्या फळ्या, गादी असेल तर तिची खालची बाजू. सगळ्याचे फोटो. ओरखडा असेल तर त्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे पुढे तो वाढला की तेवढाच आहे यावर वाद नको. मीटरचे आकडे दोघांच्या डोळ्यांसमोर. किल्ल्या मोजून किती दिल्या ते लिहा. वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या, आणि फोटो त्याच संध्याकाळी भाडेकरूलाही पाठवून द्या, तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो.

वापरानं होणारी झीज आणि नुकसान यांतला फरक त्याच वेळी बोलून घ्या. उन्हानं पडदा विटला, ही झीज. इस्त्रीनं जळला, हे नुकसान.

नंतर

महिन्याभरानं, आधी कळवून, एकदा जाऊन या. काही गळतंय का, काही अडतंय का विचारा. दुरुस्तीचा फोन आला की त्या दिवशी उत्तर द्या, मिस्त्री दोन दिवसांनी मिळाला तरी चालेल. भाडं लांबलं तर तिसऱ्या दिवशी साधा निरोप पाठवा, आठव्या दिवशी लेखी. गप्प राहून महिना जाऊ देण्याची चूक मी पहिल्या वेळी केली होती. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं असले प्रकार चुकूनही करू नका. जवळपास कुठेही कायदा ते मान्य करत नाही आणि बुडालेलं भाडं राहतं बाजूला, तुम्हीच आरोपी होता.

चांगला भाडेकरू मिळाला की त्याला टिकवण्याचं गणित पुन्हा तेच: एक महिना रिकामं घर म्हणजे वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा, साधारण ८ टक्के. वाढ मागताना तो आकडा समोर ठेवा.

ती हुज्जत घालणारी मुलगी गेल्या वर्षी घर सोडून गेली, बदली झाली म्हणून. करारात एक महिन्याची नोटीस होती, तिनं दोन महिने आधी सांगितलं. मी किल्ली घ्यायला गेले तेव्हा ओट्यावर एक कागद ठेवला होता: मीटरचे आकडे, शेवटची बिलं भरल्याच्या पावत्या, मोरीच्या जाळीचा एक स्क्रू ढिला आहे अशी नोंद, आणि खाली घर शोधणाऱ्या तिच्या दोन सहकाऱ्यांची नावं. दोघांनाही मी तेच सांगितलं: ओळखपत्र, तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि आधीच्या दोन मालकांचे नंबर. एकीनं दुसऱ्या दिवशी सगळं पाठवलं. तिच्या आधीच्या घरमालकिणीला मी शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर आलं, "द्याल म्हणजे काय, तिला परत पाठवा माझ्याकडे!"